टायरची फक्त आतली कड उडालीय, अलाइनमेंटचा कागद मात्र हिरवा

देवगडचो झिल
परवा तळेबाजाराजवळ पंक्चर झालं. पंक्चरवाल्याने डावं पुढचं चाक काढलं आणि टायर उलटा करून माझ्यासमोर धरला. आतल्या कडेला तार दिसतेय! बाहेरून नक्षी चांगली खोल, म्हणून मी आपला निर्धास्त. टायर जेमतेम 14,000 किमी चाललेत. उजव्या पुढच्याला काहीच झालेलं नाही. गाडी 2017 ची साधी हॅचबॅक, महिन्यातून दोनदा फोंडा घाटाने कोल्हापूर. गणपतीनंतर अलाइनमेंट करून घेतलेली, कागद जपून ठेवलाय, टोचे (वरून बघता चाकं पुढे आत वळलीत की बाहेर, त्याचे) आकडे हिरव्यात, म्हणजे मर्यादेत. मग हे झालं कसं? आणि हाच टायर मागे टाकून मे महिना काढता येईल का? आंबा तोंडावर आलाय, पैसे सगळे फवारणीत अडकलेत.

घाटकरी
हवा बघितलीस का? कमी ठेवत असशील.

कुडाळचो मिस्त्री
हवेचं नाही हे. हवा कमी असली तर दोन्ही कडा जातात, जास्त असली तर मधला पट्टा. एकच कड गेली म्हणजे चाक वाकडं चालतंय. कसं वाकडं, ते हाताला कळतं. टायरवरून तळवा आडवा फिरवा, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. एकीकडून गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं टोचलं तर टो. दोन्हीकडून सारखंच लागून नुसता उतार झाला असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल.

पण उजवा टायर चांगला आहे म्हणता ना, तिथेच मेख आहे. पुढचा टो बिघडला तर सरळ चालताना तो फरक दोन्ही चाकांत वाटला जातो आणि दोन्ही टायर घासतात. एकटा डावा गेला म्हणजे त्या बाजूचं काहीतरी वाकलंय नाहीतर ढिलं झालंय. कागदावर कॅम्बरची ओळ बघा. बऱ्याच लहान गाड्यांत पुढचा कॅम्बर फिरवायची सोयच नसते, म्हणून टो हिरवा करतात आणि गाडी सोडतात.

आणि गाडयेखाली कोणी वाकान बघल्यान? लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश फाटलेले असले तरी उभ्या गाडीत आकडे बरोबर येतात. घाट उतरताना ब्रेक दाबला की आर्म मागे सरकतो आणि चाक फिरतं, ते मशीनला कुठून दिसणार? आमच्याकडे खाऱ्या हवेने टाय रॉडचे (स्टिअरिंगकडून चाकाला वळवणाऱ्या दांड्याचे) नटही गंजून बसतात. मग पोरं जो सुटतो तेवढाच फिरवतात, आकडे जुळतात आणि स्टिअरिंग तिरकं राहतं.

तार दिसणारा टायर मागेच काय, स्टेपनीलाही नको.

घाटकरी
माझं 80 च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं, तेही हेच का?

कुडाळचो मिस्त्री
ते बहुतेक बॅलन्सिंग. वेगळं काम.

देवगडचो झिल
उशिरा लिहितोय, माफी. कागद काढला. कॅम्बर डावा उणे 1 अंश 50 मिनिटं, उजवा उणे 0 अंश 30. डाव्याचा चौकोन चक्क लाल, मी आपला टोच बघत बसलो होतो. मग आठवलं, ऐन पावसात नांदगावच्या अलीकडे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात डावं चाक असं आदळलं होतं की बायको झोपेतून दचकून उठली. अलाइनमेंट त्यानंतरचं.

इथल्या मेकॅनिकने सोडून बघितलं, तर स्ट्रट (चाक धरणारा शॉकअपचा खांब) वाकलेला. बुश शाबूत. गाडी एका बाजूला ओढत कशी नव्हती विचारलं, तर म्हणाला रस्त्याचा उतार डावीकडे ओढतो, हा कॅम्बर उजवीकडे, हिशेब फिटला. दोन्ही स्ट्रट बदलले, मग पुन्हा अलाइनमेंट, कारण कॅम्बर हलला की टोही हलतो. आता डावा उणे 0 अंश 40. टायर दोन नवे घेतले, फवारणीवाल्याला थांब म्हटलं. तारवाला टायर काकांनी होडीच्या कडेला बांधायला नेला.