टायटॅनियम स्क्रूच्या आट्यांवर हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा थर: कोणती पद्धत घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी सांगलीत एम.टेक. करतोय. प्रोजेक्टसाठी कुपवाड एमआयडीसीतून ग्रेड ५ टायटॅनियमचे (अ‍ॅल्युमिनियम-व्हॅनेडियम मिसळलेला मिश्रधातू), ४ मिमी व्यासाचे दातांच्या इम्प्लांटचे स्क्रू करून घेतलेत. हाड लवकर धरावं म्हणून त्यांवर हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा (एचए, म्हणजे हाडातल्या खनिजासारखं कॅल्शियम फॉस्फेट) थर द्यायचाय.

खुब्याच्या कृत्रिम सांध्याच्या दांड्याला प्लाझ्मा स्प्रे (अतितप्त वायूच्या झोतातून पावडर वितळवून फवारणं) चालतो, पण तो थर ५० ते २०० मायक्रॉनचा. माझ्या आट्यांची खोली जेमतेम ०.३ मिमी, म्हणजे आटेच बुजणार. शिवाय प्लाझ्माचं तापमान १०,००० अंशांच्या घरात. त्यात एचएचा काही भाग फुटून ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, कॅल्शियम ऑक्साइड होतो, काही अस्फटिक राहतो. हे भाग शरीरात आधी विरघळतात आणि थर आतून पोखरला जातो. मला सगळ्यात जास्त धास्ती याचीच आहे.

स्पटरिंगचा (निर्वातात अणू उडवून चढवलेला) थर पातळ, घट्ट बसतो, पण फार सावकाश चढतो आणि ते यंत्र आमच्याकडे नाही. सोल-जेल (द्रावणात बुडवून, वाळवून, तापवून थर देणं) स्वस्त, मात्र आट्याच्या मुळाशी द्रव साचून वाळताना तिथेच तडे जातात.

म्हणून इलेक्ट्रोफोरेटिक डिपॉझिशन करावं असं वाटतंय. इथेनॉलमध्ये एचए पावडर कालवून व्होल्टेज दिलं की कण खाचांतही जाऊन बसतात. खरी अडचण भट्टीत आहे. कच्चा थर बोटानं पुसला जातो, त्यामुळे तापवणं आलंच. तापताना पावडर आकसते, खालचा धातू आकसत नाही. थंड होताना एचए टायटॅनियमपेक्षा जास्त आकसतं, त्यामुळे थर ताणाखाली राहतो. तापमान वाढवावं तर हवेत टायटॅनियमवर ऑक्साइडचे पोपडे धरतात, आणि ९९५ अंशांच्या आसपास मिश्रधातूची अंतर्गत रचनाच बदलते.

नॅनो पावडर घेतली तर ८०० अंशांच्या आत थर पक्का होईल का? कोणी प्रत्यक्ष केलंय का? व्हॅक्यूममध्ये एचएमधला हायड्रॉक्सिल निघून जातो, म्हणून मी आर्गॉन धरून चाललोय. ते बरोबर आहे का? आधी अ‍ॅनोडायझिंग (विजेच्या साहाय्यानं ऑक्साइड चढवणं) करून मध्ये टायटॅनियाचा (टायटॅनियम ऑक्साइडचा) थर दिला तर पकड सुधारते का?

आणखी एक. आयएसओ १३७७९ (एचएच्या इम्प्लांटसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) मधली थराच्या पकडीची १५ मेगापास्कलची अट सपाट नमुना ओढून तपासतात. आट्यांवरची पकड कशी तपासायची? हाडासारख्या फोमच्या ठोकळ्यात स्क्रू पिळून, काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर परीक्षक ते मान्य करतील का?

सांगली-कोल्हापूर भागात आर्गॉनची ट्यूब भट्टी बाहेरच्या विद्यार्थ्यांना कुठे वापरायला मिळत असेल तर तेही कृपया सांगा.