मॉडेलिंगमधील पोस्टडॉक: जागा नेमक्या कुठे आणि कशा शोधाव्यात?

प्रश्न
भूजलप्रवाहाच्या संगणकीय मॉडेलिंगवरील माझा पीएचडीचा प्रबंध चार महिन्यांत सादर होईल. पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदासाठी, आतापर्यंत अकरा अर्ज केले; दोन नकार आले, बाकीच्यांकडून काहीच कळले नाही. ‘भूजल’ हा शब्द टाकून शोधले, तर जागा फारच थोड्या दिसतात. माझे कुठे चुकते आहे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

पहिले उत्तर
आपण विषयाच्या नावाने शोधत आहात. पद्धतीच्या नावाने शोधून पाहा. सच्छिद्र माध्यमातील प्रवाहाची समीकरणे सोडवणारा माणूस भूऔष्णिक ऊर्जेच्या आणि कार्बन डायऑक्साइड भूगर्भात साठवण्याच्या प्रकल्पांनाही हवा असतो, पण त्यांच्या जाहिरातीत भूजलाचा उल्लेखही नसतो. युरॅक्सेस, जॉब्स डॉट एसी डॉट यूके आणि नेचर करिअर्स या संशोधनातील नोकऱ्यांच्या संकेतस्थळांवर ‘मर्यादित घटक पद्धत’, ‘अनिश्चितता विश्लेषण’ यांसारख्या संज्ञांचे इंग्रजी प्रतिशब्द टाकून पाहावे.

प्रकल्पाच्या निधीतले पद (आधीच मंजूर प्रकल्पातली नोकरी) आणि स्वतःची फेलोशिप (आपल्या प्रस्तावावर मिळणारा निधी) यांतला फरकही ध्यानात ठेवा. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी फेलोशिपसाठी यजमान मार्गदर्शकासह अर्ज करावा लागतो आणि मुदत साधारणपणे सप्टेंबरमध्ये संपते, म्हणून मार्गदर्शकाला वसंत ऋतूतच लिहिलेले बरे. मुदतीआधीच्या 36 महिन्यांत यजमान देशात 12 महिन्यांहून अधिक काळ वास्तव्य किंवा मुख्य काम झालेले नसावे, ही अट अनेकांच्या फार उशिरा लक्षात येते.

दुसरे उत्तर
निवड समितीत काम केल्यामुळे एवढे सांगू शकतो की ब्रिटिश विद्यापीठांच्या जाहिरातीसोबत अत्यावश्यक आणि इष्ट पात्रतांची यादी असते व अर्ज तिच्याशी ताडून पाहिला जातो, त्यामुळे प्रत्येक अत्यावश्यक मुद्द्याला आपल्या कामातले एकेक ठोस उदाहरण द्यावे. ‘मला मॉडेलिंगची आवड आहे’ या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. कोणत्या वर्षांच्या निरीक्षणांवर मॉडेल जुळवले, कोणती वर्षे पडताळणीसाठी बाजूला ठेवली आणि त्या वर्षांत पाणीपातळीचा अंदाज किती चुकला, हे तीन ओळींत लिहिले, तर वाचणारा तिथे थांबतो. चूक लपवू नका. ती का झाली हे ज्याला सांगता येते, त्याच्यावर आमचा विश्वास बसतो.

कोड सार्वजनिक असल्यास झेनोडो या संशोधन-साहित्याच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात ठेवून त्याचा डीओआय (कायमस्वरूपी ओळखक्रमांक) अर्जात द्या, मात्र त्याआधी तो दुसऱ्याच्या संगणकावर चालतो याची खात्री करून घ्या.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आज सहकाऱ्याच्या संगणकावर कोड चालवून पाहिला, तेव्हा तो पहिल्याच पायरीला थांबला, कारण तीन फाइलींचे पत्ते माझ्याच संगणकावरचे होते. ते दुरुस्त केले आहेत. भूऔष्णिक प्रकल्पांतल्या दोन जागाही सापडल्या असून त्यांच्या अत्यावश्यक पात्रतांपुढे माझी उदाहरणे लिहायला घेतली आहेत.