मदत हवी आहे: हेल्मेटसाठी लायसन जमा झालं, आता पिकअप चालवता येईल का?

धाकट्या भावाला हातखंबा तिठ्यावर विनाहेल्मेट दुचाकीवर अडवलं. दंड भरला, तरी लायसन ठेवून घेऊन पावती दिली. त्याच लायसनवर पिकअपही आहे आणि आंब्याच्या पेट्या वाशीला पोचवायच्या आहेत. पावतीवर गाडी चालते ना? लायसनवर पॉइंट किती लागले असतील?

प्रतिसाद १
दादा, आपल्या मोटार वाहन कायद्यात पॉइंट मोजत नाहीत, कलम बघतात. पावतीवर कोणतं कलम लिहिलंय ते आधी वाचा. विनाहेल्मेट म्हणजे 194डी, आणि त्यासाठी लायसन 206(4) खाली घेतात. या पावतीवर लायसन परत मिळेपर्यंत गाडी चालवता येत नाही. पावतीवर चालवायची मुभा 206(3) ची, म्हणजे चालक पळून जाईल किंवा समन्स टाळेल असा संशय आल्यामुळे लायसन घेतलं असेल तेव्हाची. गोंधळ नेमका इथेच होतो.

दंड भरला म्हणून प्रकरण मिटत नाही, कलम 200 मध्ये ते स्पष्ट लिहिलंय. पोलीस लायसन आरटीओकडे पाठवतात. तिथे म्हणणं ऐकून मगच निर्णय होतो. पहिल्या वेळी तीन महिने, पुन्हा सापडला तर थेट रद्द.

प्रश्नकर्ता
मग तीन महिने पिकअप उभीच?

प्रतिसाद २
तसंच होईल असं नाही. कलम 19 मध्ये लायसनवरच्या 'सर्व किंवा काही' प्रकारच्या वाहनांसाठी अपात्र ठरवता येतं असे शब्द आहेत. सुनावणीत लेखी अर्ज द्या: गुन्हा दुचाकीवरचा आहे, पिकअपवर पोट आहे, निलंबन दुचाकीपुरतंच ठेवावं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. मान्य करणं अधिकाऱ्याच्या हातात आहे, पण न मागता मिळणार नाही.

लायसनवर मुंबईचा जुना पत्ता असेल तर नोटिशीची वाट बघू नका, स्वतः चौकशी करा. आदेश विरोधात गेला तर मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील. मुदत संपल्यावरही रिफ्रेशर प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय लायसन परत देत नाहीत.

प्रतिसाद १
तोवर त्याला स्टिअरिंगवर बसू देऊ नका. अपात्र असताना चालवलं तर कलम 182: तीन महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. अपघात झाला तर विम्याचाही घोळ. शेजारच्या कुणाकडे एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं लायसन असेल तर तो चालवू शकतो. गाडीचं मालासकट एकूण वजन 7,500 किलोच्या आत असेल तर लायसनवर वेगळा ट्रान्सपोर्ट (व्यावसायिक वाहतुकीचा) शेरा लागत नाही, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये हे कायम केलंय. पेट्या भरताना वजन मात्र बघा.