कोब्राची नक्कल, आणि लोकांना वाटतं अस्सल

प्रश्न: माझी कोब्रा ही स्पोर्ट्स कार नक्कल आहे. किटमधून जोडलेली, फायबरग्लासची बॉडी. पेट्रोल भरायला थांबलो की कुणीतरी बॉनेटवरून हात फिरवत विचारतंच, "शेल्बीची ना?" म्हणजे मूळ कोब्रा बनवणाऱ्या कॅरॉल शेल्बींची, अस्सल. काल एक आजोबा इतके भारावून उभे होते की माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. तेव्हापासून चैन नाही. तुम्ही काय सांगता?

उत्तर: मला कुणी असं विचारलं की मी लगेच खरं सांगून टाकतो. १९६० च्या दशकात मूळ कोब्रा जेमतेम हजारभर बनल्या, त्यामुळे रस्त्यावर दिसते ती बहुधा नक्कलच. मूळ बॉडी अ‍ॅल्युमिनियमची. टिचकी मारली की पत्रा वाजतो, फायबर बद्द वाजतं. लोहचुंबक दोन्हींना चिकटत नाही, त्यामुळे चुंबक खिशात घेऊन फिरणाऱ्या पंडितांची मस्त फजिती होते!

आणखी एक उत्तर: आजोबांना सांगितलंत ते सांगितलंत. विम्याच्या अर्जावर आणि विकताना मात्र 'नक्कल' असं स्वच्छ लिहा, तिथे गप्प राहणं म्हणजे फसवणूक.

प्रश्नकर्ता: विम्यात लिहिलंय. आत्ताच टिचकी मारून आलो. बद्दच. आजोबा पुन्हा भेटले तर त्यांनाच मारायला लावतो.