माळ्यावर सापडलेली उतरत्या झाकणाची पेटी नक्की कशाची?

मृणाल_सांगली
नमस्कार मंडळी, सांगलीतलं आजोळचं घर आवरतोय आणि माळ्यावर एक सागवानी पेटी सापडलीय. बावीस इंच रुंद, मागची बाजू दहा इंच उंच आणि पुढची जेमतेम पाच, म्हणजे झाकण तुमच्याकडे उतरतं. झाकणाच्या खालच्या काठाला बारीक पट्टी ठोकलीय. वरच्या बाजूला चार बोटं सपाट फळी आहे, तिला एक गोल भोक. आत कप्पे, त्यातल्या तिघांचा तळ वाटीसारखा खोल कोरलेला. सांध्यांमध्ये हळद बसलीय म्हणून मामी म्हणते देवघरातली आहे, वर पोथी ठेवायची आणि भोकात उदबत्ती. सुताराला दाखवली तर तो म्हणाला घासून पॉलिश मारून देतो, मुलांना स्टडी टेबल होईल. मला आधी खरं काय ते कळायला हवं, कुणी बघितलीय का अशी?

पोथीवाला
मामींचं बरोबर वाटतंय. पारायणाला पोथी अशीच तिरकी ठेवतात, पट्टीमुळे पानं घसरत नाहीत.

जुनंलाकूड
पोथीला ठवणी असते हो, घडी होणारी, तिला कप्पे कशाला लागतील? मृणालताई, हे पेढीवरचं डेस्क आहे. दिवाणजी गादीवर मांडी घालून बसायचे, हे पुढ्यात घ्यायचे आणि वही त्या उतारावर. लाल कापडी बांधणीची लांबडी चोपडी असते ना, ती वरच्या दिशेने उघडते, त्यामुळे खालचा काठ पट्टीला टेकला की हलत नाही. भोक दौतीचं, दौत त्यात अडकवली की हात लागला तरी लवंडत नाही. आणि वाटीसारखे कप्पे सुट्ट्या नाण्यांचे! सपाट तळावरून नाणं उचलायला नख लावावं लागतं, खोलगट असेल तर बोटाने सरकवलं की कडेने वर येतं, दिवसभर मोड देणाऱ्या माणसाला हा फरक कळतो.
तीन गोष्टी बघा. भोकाच्या आजूबाजूला काळे डाग आहेत का, खालच्या पट्टीची उजवी बाजू डावीपेक्षा जास्त गुळगुळीत झालीय का (लिहिताना मनगट तिथेच घासतं), आणि बिजागरीचा एखादा स्क्रू काढून टोक कसंय ते. टोक बोथट असेल तर स्क्रू बराच जुना, कारण अणकुचीदार टोकाचे स्क्रू 1850 च्या आसपास रूढ झाले. पण बिजागऱ्या नंतर बदलतात, त्यामुळे नुसत्या स्क्रूवरून वय ठरवू नका.
आणि हात जोडून सांगतो, पॉलिश पेपर लावू देऊ नका. डाग आणि झीज हाच तिचा पुरावा आहे, एकदा घासलं की ती कुठलीही पेटी होईल. सुक्या मऊ फडक्याने पुसा, लाकूड फारच कोरडं वाटलं तर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या, तोही आधी तळाला कोपऱ्यात लावून बघून.

पोथीवाला
मग हळद कुठून आली?

जुनंलाकूड
लक्ष्मीपूजनाला वह्या-दौतीची पूजा होते तेव्हा डेस्कलाही हळदकुंकू लागणारच की.

मृणाल_सांगली
आत्ताच बॅटरी घेऊन बघून आले. भोकाभोवती काळं आहे आणि एक ओघळ पार मागच्या फळीवर गेलाय. पट्टी उजवीकडे खरंच खोलगट झालीय, बोट फिरवलं तर कळतं. मामाला फोन केला तर म्हणाला, अगं आजोबांचे वडील हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, हरिपूरच्या पेवांमधली हळद निघायची तेव्हा रात्री उशिरापर्यंत हिशेब चालायचे. हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे हळद पूजेची असेल नाहीतर त्यांच्या हातांची! ती पेवं 2005 च्या पुरात गेली, जमिनीखालचे ते खड्डे मी लहानपणी नुसते वरून बघितलेत.
अजून एक, कप्प्याखाली एक कागद चिकटलाय. ओळभर सलग रेघ आणि तिला लोंबणारी वळणदार अक्षरं, मला एकही वाचता येत नाही.

बोरू_आणि_टाक
मोडी असणार. आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग हात न उचलता लिहीत जायचं, अशी ती पद्धत. हिशेबाचा कागद असेल तर आकडे आधी लागतील. ओढून काढू नका, फाटेल. आहे तिथेच उजेडात सरळ वरून फोटो घ्या आणि इथे टाका, प्रयत्न करते. नाहीच लागला तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी वाचणारे भेटतील.

मृणाल_सांगली
उद्या सकाळी उन्हात फोटो काढते. सुताराला नको म्हणून कळवलंय.