देवाची योजना, देवाचा संकल्प, देवाची इच्छा

प्रश्न : मंडळीत कोणावर संकट आलं की आपण पटकन म्हणतो, "यामागे देवाची योजना आहे." पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, मात्र यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या २९व्या अध्यायात 'हिताचे संकल्प' असे शब्द आहेत. प्रार्थनेत 'इच्छा' येते, बोलण्यात 'मर्जी'. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे का? दुःखात असलेल्या माणसाशी बोलताना कोणता वापरावा? आणि 'नशिबात होतं' याहून हे वेगळं कसं, असं कोणी विचारलं तर काय सांगावं?

उत्तर : अर्थ एक नाहीत. यिर्मयात जिथे 'संकल्प' आहे तिथे मूळ हिब्रूत 'महशावोत' आहे, 'हाशव' या धातूपासून झालेलं नाम. हाच धातू उत्पत्ती ५०:२० मध्ये, भावांनीच विकलेल्या योसेफाच्या तोंडी दोनदा येतो : भावांनी वाईट योजलं, देवाने ते चांगल्यासाठी योजलं. कर्ते दोन, क्रियापद एकच. निर्गममध्ये निवासमंडपाच्या (उपासनेच्या तंबूच्या) पडद्यांवर करूबांच्या (पंख असलेल्या स्वर्गीय प्राण्यांच्या) आकृती काढणाऱ्या कसबी कारागिरालाही याच धातूवरून 'होशेव' म्हटलं आहे. मनात धरणं, आखणं आणि हाताने घडवणं, सगळं त्या एका धातूत आहे. मराठीत त्याला सगळ्यात जवळचं 'योजणे' हे क्रियापद.

'योजना' हे नाम मात्र आता वेगळ्या वाटेने गेलं आहे. योजना जाहीर होते, राबवली जाते, बारगळते. तिला टप्पे असतात, लाभार्थी असतात. म्हणून 'देवाची योजना' ऐकलं की आधीच लिहून ठेवलेला कागद डोळ्यांपुढे येतो, आणि माझ्या लेकराचं दुखणं त्यात कितव्या ओळीत होतं, हा प्रश्न आईबापांच्या मनात उभा राहतोच. संकल्प म्हणजे निश्चय. तो कोणीतरी करतो, आणि तडीस नेण्याचा भारही करणाऱ्यावरच असतो. मला तो शब्द अधिक भरवशाचा वाटतो.

पण यिर्मयाचं ते वचन एकटं उचलू नये. बाबेलात (बाबिलोनात) कैद करून नेलेल्या यहुद्यांना लिहिलेलं हे पत्र आहे. हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं परत मिळेल असं सांगत होता. यिर्मया लिहितो, ७० वर्षं. तोवर घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलं त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. पत्र ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणार नव्हता, आणि 'हिताचे संकल्प' हे शब्द त्यांनाच उद्देशून आहेत. मराठीत वाचताना आणखी एक घोटाळा होतो. 'तुमच्याविषयी' हे आपल्या कानाला आदरार्थी एकवचन वाटतं, आणि आपण मनात 'माझ्याविषयी' असं वाचतो. हिब्रूत ते साफ अनेकवचन आहे. वचन एका प्रजेला दिलेलं आहे. माझी अडचण अमुक महिन्यांत सुटेल, असं त्यातून निघत नाही.

'मर्जी' मी टाळतो. मर्जी सांभाळावी लागते, ती खप्पा होते. देव लहरी आहे असा वास त्या शब्दाला येतो. 'इच्छा' हा वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रार्थना करणाऱ्या येशूचा शब्द. तिथेही 'हा (दुःखाचा) प्याला टळो' ही विनवणी आधी आहे, आणि मत्तय सांगतो की येशूने तीनदा प्रार्थना केली.

शंका : मग रोमकरांस पत्र ८:२८ चं काय? सर्व गोष्टी कल्याणकारक होतात असं तिथे स्पष्ट आहे. म्हणजे जे झालं ते चांगलंच झालं, असंच मानायचं ना?

उत्तर : नाही. त्या वचनात 'मिळून' या शब्दावर बोट ठेवा. ग्रीकमध्ये 'सुनेर्गेइ' आहे, म्हणजे एकत्र येऊन काम करणं. पत्र लिहिणारा पौल एकेका गोष्टीला चांगलं म्हणत नाही. ३५व्या वचनात तो क्लेश, आपत्ती, छळ, उपासमार, नग्नता, संकट, तलवार अशी यादीच देतो. यांतलं काहीही आपल्याला ख्रिस्ताच्या प्रीतीपासून वेगळं करू शकत नाही, एवढाच त्याचा दावा आहे, आणि तो लहान नाही. 'कल्याण' म्हणजे काय, तेही २९व्या वचनात आहे : देवाच्या पुत्राच्या, ख्रिस्ताच्या, प्रतिमेसारखं होणं.

आता नशीब. 'नशिबात होतं' म्हटलं की बोलणं संपतं, कारण नशिबाला हाक मारता येत नाही. संकल्प करणाऱ्याला मारता येते, जाबही विचारता येतो. १३व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' हा सवाल चारदा आहे. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या ग्रंथात, १३:१५ मध्ये तर हिब्रू पाठात 'लो' असं लिहिलंय त्याचा अर्थ 'नाही', आणि परंपरेने वाचतात तो 'लो' म्हणजे 'त्याची'. उच्चार एकच, अक्षरं वेगळी. 'तो मला मारणार, मला आशा नाही' आणि 'त्याने मला मारलं तरी त्याचीच आशा धरीन' अशी दोन्ही वाचनं त्या ओळीतून निघतात. संकटात असलेल्या विश्वासणाऱ्याच्या मनात ही दोन्ही वाक्यं एकाच रात्री येऊन जातात, आणि ती रात्र शास्त्राने लपवलेली नाही.

कोणता शब्द वापरावा, यापेक्षा तो कोणी आणि केव्हा उच्चारावा हे मला मोठं वाटतं. योसेफ १७ वर्षांचा असताना विकला गेला, मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहिला तेव्हा ३० वर्षांचा होता. देवाने मला पुढे पाठवलं, असं तो भावांना सांगतो ते त्यानंतर सुकाळाची ७ आणि दुष्काळाची २ वर्षं उलटल्यावर. 'चांगल्यासाठी योजलं' हे वाक्य तर बापाच्या मृत्यूनंतरचं आहे. ज्याने सोसलं तोच ते म्हणतो, तेही आपल्याला विकणाऱ्यांना धीर देताना. भावांनी त्याला ज्या विहिरीत टाकलं तिच्या काठावर उभं राहून त्याला कोणी ते ऐकवलं नव्हतं. तुरुंगातल्या दिवसांविषयी शास्त्र सांगतं की परमेश्वर योसेफाबरोबर होता. मयतीच्या घरी किंवा दवाखान्यात मी तेवढंच म्हणतो आणि बसून राहतो. 'देवाने हे योजलं' ही साक्ष ज्याची त्याने, त्याच्या वेळी द्यावी.

पुन्हा प्रश्न : म्हणजे उपदेशात 'योजना' शब्द वापरूच नये?

उत्तर : वापरावा की. 'तारणाची योजना' हा रूढ प्रयोग आहे आणि तिथे तो चपखल बसतो. अब्राहामाला दिलेलं वचन, संदेष्टे, वधस्तंभ, पुनरुत्थान असे त्यात खरोखरच टप्पे आहेत, आणि ते सगळे आपल्याला सांगितलेले आहेत. एखाद्याच्या घरातल्या संकटाचे टप्पे कोणी आपल्याला सांगितलेले नाहीत. तिथे 'संकल्प' म्हणावं, किंवा नुसतं 'परमेश्वर बरोबर आहे'.