विसरण, परासरण आणि सक्रिय परिवहन : सरणे आणि वाहून नेणे

प्रश्न : नाशिकजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. पेशीपटलाच्या धड्यात ‘विसरण’ हा शब्द आला की ‘बाई, यात विसरायचे काय?’ अशी शंका दरवर्षी निघते. या शब्दाची व्युत्पत्ती काय? आणि ‘सक्रिय परिवहन’ यातील ‘सक्रिय’ गाळले तर काय बिघडेल?

प्रतिसाद : शंका रास्त आहे, कारण दोन निरनिराळे शब्द येथे उच्चाराने एक झाले आहेत. विस्मरणाचे ‘विसरणे’ हे ‘वि’ आणि ‘स्मृ’ यांपासून प्राकृतमार्गे आले. विज्ञानातले ‘विसरण’ मात्र ‘सृ’ म्हणजे सरणे, सरकणे या धातूपासून घडवलेले आहे. प्रसरण आणि रक्ताभिसरण ही त्याचीच भावंडे. ‘परासरण’ही त्याच घरातले, ते निवडक्षम पारपटलातून होणाऱ्या पाण्याच्या विसरणासाठी राखून ठेवले आहे.

सरणे हे क्रियापद अकर्मक आहे, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पदार्थ जास्त संहतीकडून (म्हणजे जेथे तो दाट आहे तेथून) कमी संहतीकडे आपोआप सरतो, पेशीला त्यासाठी ऊर्जा खर्चावी लागत नाही. काकडीला मीठ लावले की ‘पाणी सुटते’ असेच आपण म्हणतो. लाल कांद्याच्या पाकळीवरचा जांभळट पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून त्यावर मिठाच्या पाण्याचे दोन थेंब सोडावेत. पेशीभित्तिका जागेवर राहते आणि आतला रंगीत भाग भिंतीपासून सुटून मध्ये आकसतो, कारण त्यातले पाणी बाहेर सरते. पाण्याचे हे बाहेर सरणे म्हणजेच बहिःपरासरण.

‘वह्’ धातूचे तसे नाही. गोदावरी उताराने वाहते, तेथे क्रिया अकर्मक आहे. बाजार समितीतला हमाल कांद्याची गोणी पाठीवर वाहतो, तेथे ती सकर्मक आहे. नुसत्या ‘परिवहन’ शब्दावरून यांतले कोणते अभिप्रेत आहे ते कळत नाही, म्हणून ‘सक्रिय’, म्हणजे पेशीने ऊर्जा खर्चून केलेले, हा शब्द गाळू नये. वाहक प्रथिन आले म्हणजे परिवहन सक्रिय झाले, हा समजही चुकीचा आहे : ग्लुकोज तांबड्या रक्तपेशीत वाहक प्रथिनातूनच शिरते, पण उताराच्या दिशेने, म्हणजे जास्त संहतीकडून कमी संहतीकडे, म्हणून ते ‘सुलभ विसरण’ ठरते. याउलट सोडियम-पोटॅशियम पंप एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाच्या एका रेणूच्या मोबदल्यात सोडियमचे ३ आयन पेशीबाहेर काढतो आणि पोटॅशियमचे २ आयन आत घेतो, आणि ही दोन्ही कामे चढाच्या दिशेने होतात. येन्स स्काउ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतांवर (मज्जातंतूंवर) काम करून या पंपामागचे विकर (एन्झाइम) दाखवून दिले. १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

आणखी एक प्रतिसाद : वरील विवेचनाला निफाडकडच्या द्राक्षबागांतली एक जोड द्यावीशी वाटते. पाऊस बरेच दिवस चालू राहून जमिनीत पाणी साचले की शेतकरी म्हणतात, ‘वाफसा नाही, पांढरी मुळी चालत नाही.’ वाफसा म्हणजे जमिनीत ओल आणि हवा दोन्ही बेताची असण्याची स्थिती. मुळांना हवा मिळत नाही, श्वसन मंदावते, एटीपी कमी पडतो, आणि नायट्रेट मुळाशी असूनही ते चढाच्या दिशेने आत ओढून घेणे मुळाला जमत नाही. पाने पिवळी पडतात. पाठ्यपुस्तकात ‘सक्रिय परिवहन’ हाच शब्द असावा, परंतु शेतकऱ्यांच्या मुलांना तो समजावताना ‘मुळी चालणे’ या वाक्प्रयोगापासून सुरुवात करावी, कारण मुळी चालण्यासाठी तिला हवा लागते हे त्यांनी घरी ऐकलेले असते.